लंडन ते पॅरिस: ३४४ किलोमीटर, पन्नास मिनिटांचं उड्डाण आणि सहा तासांचा प्रवास

नकाशावर लंडन आणि पॅरिस अगदी शेजारी दिसतात, आणि ती आहेतही. सरळ रेषेत ३४४ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते सोलापूर हवाई अंतर जेवढं भरतं त्याच्याच आसपास. विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. तरीही सकाळी आठला ट्राफल्गर स्क्वेअरजवळच्या हॉटेलातून निघालेला माणूस पॅरिसच्या हॉटेलात बॅगा टेकवतो तेव्हा तिथल्या घड्याळात दुपारचे तीन वाजलेले असतात. मधले तास कुठे जातात, ते तिकीट काढायच्या आधी कसे मोजायचे आणि त्यातले किती वाचवता येतात, हे इथे क्रमाने मांडलं आहे. लंडन–पॅरिस ही जोडी मुद्दाम घेतली, कारण महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात ती हमखास असते. हिशेबाची पद्धत मात्र युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांना चालते.

अंतर म्हणजे नेमकं कुठलं अंतर?

पहिला घोटाळा इथेच होतो. "लंडन ते पॅरिस किती किलोमीटर" या एका प्रश्नाची चार उत्तरं आहेत आणि चारही बरोबर आहेत. शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत ३४४. हीथ्रो विमानतळ ते शार्ल द गोल विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३४७. सेंट पँक्रस स्टेशन ते गार द्यु नोर स्टेशन रुळांवरून सुमारे ४९२. आणि गाडीने, समुद्राखालचा बोगदा धरून, ४६० च्या आसपास. उड्डाणाच्या वेळेचा अंदाज आणि विमानाच्या उशिराची नुकसानभरपाई यांसाठी सरळ रेषेतलं अंतर लागतं. पेट्रोल आणि टोलसाठी रस्त्याचं. एकाचा आकडा दुसऱ्या कामाला वापरला की हिशेब बिघडतो.

फोनवरच्या नकाशात लंडनवर बोट दाबून धरलं की "अंतर मोजा" हा पर्याय येतो. रेघ पॅरिसपर्यंत ओढली की सरळ रेषेतला आकडा मिळतो. पण हा आकडा कागदावर, शाळेतल्या गणितानेही काढता येतो, आणि एकदा स्वतः काढला की कुठे चुकतं ते कायमचं लक्षात राहतं.

लंडनचा मध्य धरा ५१.५०७४ अंश उत्तर अक्षांश, ०.१२७८ अंश पश्चिम रेखांश. पॅरिसचा मध्य ४८.८५६६ अंश उत्तर, २.३५२२ अंश पूर्व. अक्षांशांची वजाबाकी केली की २.६५०८ अंश. पृथ्वीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झालं २९५ किलोमीटर. आता रेखांश. लंडन ग्रीनिचच्या पश्चिमेला आणि पॅरिस पूर्वेला, म्हणून इथे बेरीज: ०.१२७८ अधिक २.३५२२, म्हणजे २.४८ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर सरकेल तसा आखडत जातो. किती आखडला ते कळण्यासाठी दोन शहरांच्या मधल्या अक्षांशाचा कोसाइन घ्यायचा. मधला अक्षांश ५०.१८, त्याचा कोसाइन ०.६४. म्हणजे २.४८ गुणिले ०.६४ गुणिले १११.२, बरोबर १७७ किलोमीटर पूर्व-पश्चिम. मग पायथागोरस: २९५ चा वर्ग अधिक १७७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३४४.

यात दोन चुका ठरलेल्या. लंडनचा रेखांश पश्चिमेचा आहे हे विसरून बेरजेऐवजी वजाबाकी केली तर उत्तर ३३५ येतं. नऊ किलोमीटरची चूक, तिच्यामुळे फारसं अडत नाही. कोसाइन विसरलात तर मात्र ४०४ येतं, म्हणजे थेट ६० किलोमीटर जास्त. मुंबईच्या अक्षांशावर हा कोसाइन ०.९४ च्या वर असतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या दोन गावांमधलं अंतर काढताना तो गाळला तरी फार बिघडत नाही, आणि तीच सवय युरोपात अंगाशी येते. आणखी एक मर्यादा: पायथागोरस चालतो तो चारपाचशे किलोमीटरपर्यंत. लंडन–अथेन्ससारख्या लांबच्या जोडीला गोलावरचं सूत्र किंवा नकाशावरचं साधनच वापरावं.

जाता जाता एक गोष्ट. या दोन शहरांमधलं नेमकं अंतर हा अठराव्या शतकातला गाजलेला प्रश्न होता. ग्रीनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळा एकमेकींपासून नेमक्या कुठे आहेत याचा वाद मिटवायला १७८४ मध्ये ब्रिटिश लष्करी सर्वेक्षक विल्यम रॉय यांनी हाऊन्स्लो हीथच्या माळावर सुमारे आठ किलोमीटरची पायारेषा (पुढच्या मोजणीचा आधार) मोजली आणि तिथून इंग्लिश खाडीपलीकडे त्रिकोणांची साखळी नेली. त्या रेषेचं वायव्येकडचं टोक दाखवणारी, जमिनीत उभी पुरलेली तोफ हीथ्रोच्या उत्तरेकडच्या रस्त्यालगत आहे. ज्या विमानतळावरून आज पॅरिसची विमानं उडतात, त्याच्या कुंपणाशीच हे अंतर मोजायला सुरुवात झाली होती.

विमानतळ आधी ठरवा, विमान नंतर

लंडनच्या नावाने सहा विमानतळ विकले जातात: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड. पॅरिसच्या नावाने तीन: शार्ल द गोल, ओर्ली आणि बोव्हे. तिकिटांच्या संकेतस्थळावर "लंडन, सर्व विमानतळ" असं निवडलं की स्वस्तातलं तिकीट वर येतं, आणि ते बहुधा तुमच्या हॉटेलापासून सर्वांत लांबच्या विमानतळाचं असतं.

गॅटविक ते शार्ल द गोल सरळ रेषेत ३०८ किलोमीटर, हीथ्रोहून ३४७, ल्यूटनहून ३८०. गॅटविक आणि ल्यूटनमध्ये ७२ किलोमीटरचा फरक दिसतो, पण हवेत तो पाचसहा मिनिटांचा आहे. जमिनीवरचा फरक त्याच्या कितीतरी पट. म्हणून हवेतल्या किलोमीटरकडे बघून विमानतळ निवडण्यात अर्थ नाही. शहरातून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते बघा.

हीथ्रोला जायला एलिझाबेथ लाइन ही रेल्वे सोयीची. मे २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२२ पासून मध्य लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून गाडी न बदलता टर्मिनल २ आणि ३ ला साधारण ३५ मिनिटांत पोचता येतं. पॅडिंग्टनहून हीथ्रो एक्स्प्रेस १५ मिनिटांत नेते, पण पॅडिंग्टनपर्यंत जायचा वेळ आणि जास्तीचं भाडं धरलं तर ती पॅडिंग्टनच्या आसपास उतरलेल्यांनाच परवडते. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, पण मध्य लंडनहून तासभर धरावा. इथे एक खाच आहे. टर्मिनल ४ आणि टर्मिनल ५ कडे जाणारे फाटे वेगळे आहेत. फलाटावर "हीथ्रो" एवढंच वाचून गाडीत बसलात आणि ती दुसऱ्या फाट्याची निघाली, तर मागे येऊन गाडी बदलण्यात वीसपंचवीस मिनिटं जातात. निघण्याआधी तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा बघा आणि गाडीच्या पाटीवर तोच आकडा आहे का ते बघा.

पॅरिसच्या बाजूला शार्ल द गोल शहराच्या ईशान्येला सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तिथून आरईआर बी ही लोकल गार द्यु नोरला अर्ध्या तासात आणते. २०२५ मध्ये विमानतळाचं तिकीट १३ युरो होतं, साधं मेट्रोचं तिकीट तिथे चालत नाही. ओर्ली दक्षिणेला, आणखी जवळ. जून २०२४ मध्ये मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन थेट ओर्लीपर्यंत आली आणि त्यामुळे या विमानतळाचं नशीबच पालटलं. पॅरिसच्या मध्यावरच्या शातलेपर्यंत आता २५ मिनिटं पुरतात. लंडनहून ओर्लीचं तिकीट मिळत असेल आणि हॉटेल सेन नदीच्या दक्षिणेला असेल, तर आम्ही ओर्लीच सुचवू. बोव्हे मात्र नावापुरतंच पॅरिसचं. ते शहरापासून ८० किलोमीटरहून लांब आहे आणि तिथून बसला सव्वा तास सहज लागतो.

टॅक्सीने जायचं तर शार्ल द गोलहून पॅरिसचं भाडं ठरलेलं असतं: २०२५ मध्ये सेनच्या उजव्या (उत्तरेकडच्या) तीरासाठी ५६ आणि डाव्या (दक्षिणेकडच्या) तीरासाठी ६५ युरो. बाहेर पडताच "टॅक्सी? टॅक्सी?" करत जवळ येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. रांगेतलीच टॅक्सी घ्या. चौघांचं कुटुंब आणि चार मोठ्या बॅगा असतील तर लोकलची चार तिकिटं आणि टॅक्सी यांत फारसं अंतर उरत नाही.

उड्डाणाला किती वेळ: तिकिटावरचा आणि हवेतला

हीथ्रो–शार्ल द गोल तिकिटावर साधारण एक तास पंधरा ते पंचवीस मिनिटं दिसतात. ३४७ किलोमीटरला ताशी ८०० चा वेग धरला तर २६ मिनिटं होतात. मग उरलेला तास कसला?

तिकिटावरचा वेळ म्हणजे चाकांचे अडथळे काढून विमान गेटवरून मागे सरकल्यापासून पलीकडच्या गेटवर उभं राहीपर्यंतचा वेळ. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि दोन्ही भरगच्च चालतात. गेट सोडल्यापासून चाकं उचलेपर्यंत पंधरा ते पंचवीस मिनिटं जाणं तिथे नेहमीचंच आहे. पलीकडे शार्ल द गोल इतकं पसरलेलं आहे की उतरल्यावरही गेटपर्यंत आठदहा मिनिटं विमान रांगत राहतं. मधली ४५ ते ५० मिनिटं हवेतली, आणि त्यातही ८०० चा वेग फार थोडा वेळ मिळतो. दहा हजार फुटांखाली विमानाला साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासची मर्यादा असते. एवढ्याशा प्रवासात अर्धा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो. लांबच्या विमानांसारखं ३५-३८ हजार फुटांवर जायचं कारणच उरत नाही.

शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणून हीथ्रोवरून विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग आग्नेयेला वळतं. पॅरिसलाही बहुतेकदा पश्चिमेकडे तोंड करूनच उतरायचं, म्हणून आधी पूर्वेला जाऊन मागे वळावं लागतं. ३४७ चे प्रत्यक्षात चारशेच्या वर होतात. परतीला पॅरिसहून हीथ्रोकडे येताना आग्नेयेकडची विमानं लंडनजवळच्या बिगिन हिलच्या आकाशात घिरट्या घालत ताटकळताना दिसतात. ही नंबर लागण्याची रांगच, फक्त हवेतली.

वाऱ्याचं भय मात्र या मार्गावर फुकटचं. मुंबई–लंडन प्रवासात उलट्या वाऱ्याने तासभर वाढू शकतो. इथे ६० नॉटचा वारा पाठीशी असला काय आणि तोंडावर असला काय, फरक थोड्याच मिनिटांचा.

दुसऱ्या शहरांसाठी अंदाज बांधायचा तर ही रीत बरीच जवळ जाते: सरळ रेषेतल्या किलोमीटरला ८०० ने भागा, येईल त्या वेळात पाऊण तास मिळवा. पॅरिस–रोम ११०० किलोमीटर, म्हणजे एक तास बावीस मिनिटं अधिक पाऊण तास, दोन तास सात मिनिटं. वेळापत्रकात दोन तास पाच-दहा मिनिटंच असतात. लंडन–रोम १४४० किलोमीटर, उत्तर अडीच तासांच्या जवळ, तेही जुळतं. लहान, निवांत विमानतळ असेल तर पाऊण तासाऐवजी अर्धा तास धरा.

घड्याळाचा घोळ

तिकिटावर हीथ्रो १०:००, शार्ल द गोल १२:२० असं छापलेलं असतं. वाचणारा म्हणतो दोन तास वीस मिनिटं. परतीच्या तिकिटावर १०:०० ला निघून १०:२० ला पोचणार असं दिसतं, आणि तो म्हणतो वीस मिनिटांत? दोन्ही विमानांना एक तास वीस मिनिटंच लागतात. दोन्हीकडचे वेळ तिथल्या तिथल्या घड्याळाचे असतात आणि पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे. उन्हाळी वेळ (घड्याळं तासभर पुढे करणं) दोन्ही देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी संपते, म्हणून हा एक तास वर्षभर कायम राहतो. भारताशी फरक मात्र हंगामाप्रमाणे बदलतो. पॅरिसशी उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. घरच्यांना फोन करायची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

आता खरा हिशेब. निघायचं ट्राफल्गर स्क्वेअरजवळून, पोचायचं शातलेजवळ. विमान हीथ्रोहून.

हॉटेल ते हीथ्रो, चालणं आणि गाडीची वाट बघणं धरून, एक तास. विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचायचं, ते दोन तास. विमानाचे एक तास वीस मिनिटं. उतरून पासपोर्टची रांग आणि बॅग, पन्नास मिनिटं. टर्मिनलमधून स्टेशनपर्यंत चालणं, तिकीट, लोकल, पुन्हा चालणं, पंचावन्न मिनिटं. बेरीज सहा तास पाच मिनिटं. फक्त हातातली बॅग असेल आणि रांगा लहान निघाल्या तर पाच तासांवर येतं. याखाली आणायला जाल तर विमान चुकण्याची भीती.

दोन तास आधी कशाला, असं वाटतं खरं. बहुतेक कंपन्या मोठी बॅग घेणं उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट १५ ते २० मिनिटं आधी. तिकिटावरची दहाची वेळ ही चाकं हलायची वेळ आहे. दहाला पाच कमी असताना धावत आलेल्याला काचेपलीकडे विमान दिसतं, पण दार उघडत नाही.

आता हाच प्रवास रेल्वेने. सेंट पँक्रस ट्राफल्गर स्क्वेअरहून २५ मिनिटं. तिथे सव्वा तास आधी पोचायचं. युरोस्टार, म्हणजे लंडन–पॅरिस थेट रेल्वे, सर्वांत जलद असेल तर दोन तास सोळा मिनिटं, एरवी वीसच्या आसपास. उतरल्यावर पासपोर्ट नाही, बॅगेची वाट बघणं नाही, दहा मिनिटांत बाहेर. गार द्यु नोरहून शातले–ले आल लोकलने पुढचंच स्टेशन, चालणं धरून वीस मिनिटं. बेरीज साडेचार तास. विमानापेक्षा दीड तास कमी, आणि त्यातले दोन तास एका जागी बसून. थेट शहरातून शहरात जायचं असेल तर आमचं मत सरळ आहे: रेल्वे. विमान घ्यावं ते तीन वेळा. हीथ्रोच्या आसपास, हाऊन्स्लो किंवा साउथॉलकडे नातेवाइकांकडे उतरला असाल तेव्हा. शार्ल द गोलवरूनच पुढचं विमान असेल तेव्हा. किंवा रेल्वेचं भाडं ऐन वेळी काढल्यामुळे आकाशाला भिडलं असेल तेव्हा.

२५ ऑगस्ट १९१९ ला लंडन–पॅरिस रोजची विमानसेवा सुरू झाली तेव्हा हाऊन्स्लो हीथहून पॅरिसजवळच्या ल बुर्जेला पोचायला एका प्रवाशाच्या त्या छोट्या विमानाला सुमारे अडीच तास लागले होते. आज रुळांवरून त्यापेक्षा कमी लागतात.

बसही आहे, व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून पॅरिसच्या बेर्सीपर्यंत आठ-नऊ तास. रात्रीची बस हॉटेलचं एक भाडं वाचवते, पण मध्यरात्री सीमेवर सगळ्यांना झोपेतून उठवून खाली उतरवतात. वय झालेल्या आईवडिलांना घेऊन हा पर्याय नको.

युरोस्टारच्या दारात काय होतं

सेंट पँक्रसला क्रम असा: तिकिटाचं फाटक, सामानाची क्ष-किरण तपासणी, मग फ्रेंच पोलिसांची पासपोर्ट तपासणी. फ्रान्सची सीमा लंडनमध्येच ओलांडायची. म्हणून पलीकडे उतरल्यावर काही उरत नाही. साध्या वर्गाचं फाटक साधारण अर्धा तास आधी बंद होतं आणि ते बंद झालं की झालं. गाडी समोर उभी असली तरी सोडत नाहीत. सकाळी सात ते नऊच्या गाड्यांना आणि सुट्टीच्या दिवशी सव्वा तासाऐवजी दीड तास ठेवा.

परतीला गार द्यु नोरवर एक तपासणी जास्त: आधी फ्रान्सची बाहेर पडण्याची, लगेच पुढच्या खिडकीवर ब्रिटनची आत येण्याची. भारतीय पासपोर्टला ब्रिटनची स्वयंचलित फाटकं चालत नाहीत, अधिकाऱ्याच्याच रांगेत उभं राहावं लागतं. त्यामुळे पॅरिसहून निघताना लंडनपेक्षा वीस मिनिटं जास्तीची धरा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. भारतीयांनी व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे दिलेलेच असतात, म्हणून सीमेवर मुख्यतः चेहऱ्याचा फोटो घेतात. पण पहिल्या खेपेला यात वेळ जातो, आणि तुमच्यापुढे चाळीस जण असतील तर त्या सगळ्यांचा मिळून जातो.

सामानात विमानापेक्षा रेल्वे उदार. युरोस्टारमध्ये १०० मिलीलिटरची अट नाही, लोणच्याची बरणी जाते. दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली साध्या तिकिटावरही चालते, फक्त उचलून रॅकवर ठेवायला हमाल नाही. मात्र तूप, पनीर, पेढे, श्रीखंडाच्या वड्या यांना रेल्वे काय, विमान काय, दोन्हीकडे बंदी. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला २०२१ पासून मनाई आहे, आणि एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही युरोपातून येणाऱ्या अशा पदार्थांना दार बंद केलं. चिवडा, बाकरवडी, चकली बिनधास्त न्या.

व्हिसा: सर्वांत महाग चूक

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. दोन शहरं, दोन व्हिसे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. मुंबईहून आधी पॅरिस, मग लंडन, आणि तिथून पुन्हा स्वित्झर्लंड असा कार्यक्रम आखला तर शेंगेनमध्ये तुम्ही दोनदा शिरता. व्हिसावर प्रवेशसंख्येच्या रकान्यात "०१" असेल तर दुसऱ्या वेळी आत घेत नाहीत. लंडनच्या स्टेशनवरच थांबवतात आणि पुढची सगळी बुकिंगं बुडतात. अर्ज भरतानाच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि सोबत जोडलेल्या कार्यक्रमात दोन्ही प्रवेशांच्या तारखा स्पष्ट दाखवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे क्रमच बदलणं: मुंबईहून आधी लंडन, मग पॅरिस, तिथून पुढे सगळं शेंगेन, आणि परतीचं विमान तिकडूनच. एकच प्रवेश पुरतो आणि लंडनचं परतीचं भाडंही वाचतं.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मे-जूनच्या सुट्टीसाठी पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये. मुलाखतीची तारीखच महिना महिना मिळत नाही.

मुंबईचं विमान आणि लंडन–पॅरिस विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मध्ये किमान पाच तास ठेवा. पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. फ्रान्समधले हवाई नियंत्रकांचे संप आणि हिवाळ्यातलं सकाळचं धुकं, या दोन कारणांनी या मार्गावरची छोटी विमानं सर्वांत आधी रद्द होतात. पर्याय म्हणून रेल्वे असतेच, म्हणून कंपन्यांनाही तीच रद्द करणं सोपं जातं. रात्री उशिरा शार्ल द गोलला उतरत असाल तर त्या रात्री आरईआर बी चालू आहे का ते आधी बघा. रुळांच्या कामासाठी ती अधूनमधून रात्री लवकर बंद ठेवतात आणि मग बस किंवा टॅक्सीच उरते.

उशीर झाला तर पैसे किती

इथे ते सुरुवातीचं अंतर पुन्हा कामाला येतं. युरोपीय संघाचा आणि ब्रिटनचा, दोन्हीकडचे भरपाईचे नियम सरळ रेषेतल्या अंतरावर उभे आहेत. १५०० किलोमीटरपर्यंत एक रक्कम, ३५०० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. लंडन–पॅरिस अर्थातच पहिल्या गटात: पॅरिसहून निघालात तर २५० युरो, लंडनहून निघालात तर २२० पौंड. तिकीट तीस पौंडांचं असलं तरी भरपाई तेवढीच. अटी दोन: पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झालेला हवा, आणि कारण कंपनीच्या हातातलं हवं. धुकं आणि नियंत्रकांचा संप यांत भरपाई नाही, पण दोन तासांपुढे खाणंपिणं देणं त्यांना तेव्हाही बंधनकारक आहे. ते आपण होऊन क्वचितच सांगतात, काउंटरवर मागावं लागतं.

एकाच तिकिटावर लंडन–पॅरिस–मुंबई असेल तर अंतर लंडन ते मुंबई धरतात, सुमारे ७२०० किलोमीटर. पहिला पाऊण तासाचा टप्पा रखडला, पुढचं विमान चुकलं आणि मुंबईला चार तासांहून जास्त उशिराने पोचलात, तर रक्कम ५२० पौंडांपर्यंत जाते. हाच प्रवास दोन सुट्या तिकिटांवर केलात तर २२० च्या पुढे सरकत नाही, आणि चुकलेल्या विमानाचं नवं तिकीट खिशातून.

उशीर कुठल्या क्षणी मोजायचा यावरही खटला झाला होता. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं की चाकं टेकली तो क्षण धरायचा नाही आणि विमान गेटवर थांबलं तोही नाही. विमानाचं निदान एक दार उघडलं की तेव्हा पोचलात. शार्ल द गोलवर चाकं टेकण्यापासून दार उघडेपर्यंत पंधरा मिनिटं सहज जातात, आणि दोन तास पन्नास मिनिटांचा उशीर त्यात तीन तासांच्या पलीकडे सरकतो. म्हणून उशिराच्या विमानात दार उघडतं तेव्हा फोनच्या घड्याळाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, आणि बोर्डिंग पास फेकू नका.